अण्णांची फटफटी आणि वहिनींची अट

ऑफिस म्हटलं की फायली साठणारच. पण ज्या ऑफिसात चार फटफट्या असतात, तिथं फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात! फायली निदान साहेब अधूनमधून बांधून माळ्यावर टाकायला लावतात. किश्श्यांना कोण बांधणार? आजही आमच्यातले दोघं कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसले, की वाढपी जिलबी घेऊन येईपर्यंत कार्बोरेटर उघडलेला असतो.

ही सत्तरच्या दशकातल्या सोलापूरची गोष्ट. आमची बियाणांची कंपनी. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, खाली कडुलिंब आणि कडुलिंबाखाली आमच्या फटफट्या. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांना हायब्रीड ज्वारीचं महत्त्व पटवायचं आणि "भाकरीला चव न्हाय वो तुमच्या ज्वारीला!" हे ऐकून परत यायचं, हे आमचं काम. त्यासाठीच कंपनीनं गाड्या दिल्या होत्या. नियम सोपा होता. पेट्रोल कंपनीचं, दुरुस्ती ज्याची त्यानं बघायची!

या एका नियमानं ऑफिसात दोन पार्ट्या पडल्या. आपली गाडी आपणच उघडावी असं मानणारी ती घर पार्टी. गाडी सरळ मिस्त्रीच्या ताब्यात द्यावी आणि आपण पेपर वाचत बसावं, ती गॅरेज पार्टी. घर पार्टीचे पुढारी अण्णा हिरेमठ, आमच्यात सगळ्यात सीनियर. त्यांच्या बाजूला गड्डम. गॅरेज पार्टीचे पुढारी, कार्यकर्ते आणि मतदार, सगळं काही जोशी एकटेच. आणि मी? ज्याच्या टेबलावर चहा आला असेल त्याच्या पार्टीत!

*

अण्णा जन्मापासून घर पार्टीत नव्हते. त्यांना तिथं एका हॉर्ननं ढकललं.

गाडी नवी असताना तिचा हॉर्न वाजेना म्हणून अण्णांनी ती कुठल्याशा गॅरेजात टाकली. तिथल्या मिस्त्रीनं हॉर्न वाजता केला. चांगला खणखणीत वाजता केला. फक्त हँडल डावीकडं वळवलं की तो आपोआप वाजायचा, आणि सरळ होईपर्यंत थांबायचा नाही!

अण्णांचं घर बाळीवेशीत. घरापासून ऑफिसपर्यंत बहुतेक वळणं डावीच. पहिल्याच दिवशी वाटेत मठाच्या दारात स्वामीजी गाडीतून उतरत होते. भक्तमंडळी हात जोडून उभी. सगळीकडं शांत. आणि नेमके तिथंच अण्णा डावीकडं वळले.

स्वामीजींनी वर बघितलं. अण्णांनी खाली बघितलं. हॉर्न वाजतच होता!

त्या दिवशी घरी येऊन अण्णांनी जाहीर केलं, "आजपासून माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही!"

वहिनी सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हंजे तुमीच उघडणार?"

"मीच!"

"बरं. मग मी बी त्या गाडीवर बसणार न्हाय. मिस्त्रीनं बगितलेली गाडी असंल तर बसते. तुमी उघडलेल्या गाडीवर मी न्हाय वो!"

झालं! अण्णांची प्रतिज्ञा झाली, वहिनींची अट झाली, आणि दोघांपैकी कुणी मागं हटेना.

हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं. वहिनींचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. अण्णांना गाडी मिळाल्याची बातमी तिथं केव्हाच पोचली होती. पण वहिनी बसत नसल्यामुळं नवराबायको माहेरी जायचे ते पूर्वीसारखेच, एस.टी.नं. फाट्यावर उतरायचं, पिशव्या सावरत गावापर्यंत चालत जायचं. आणि दारात मेव्हणे हसत उभे! "दाजी, गाडी घेतली म्हणं! कुटं हाय मग?"

प्रत्येक खेपेला हाच प्रश्न, तोही चार माणसांत. अण्णा परत आले की दोन दिवस नुसते फायली चाळत बसायचे. मग एकदम म्हणायचे, "एकदा हिला मागं बसवून त्या माणसाच्या दारात नेऊन उतरवायचंय. बास की! मग गाडी भंगारात गेली तरी चालंल!"

आम्ही अण्णांची पुष्कळ थट्टा केली, पण हे वाक्य ते बोलायचे तेव्हा मात्र कुणी हसत नसे.

*

जोशी म्हणजे अण्णांच्या बरोबर उलट. चाकात हवा कमी वाटली तरी ते पंपाला हात लावायचे नाहीत. गाडी ढकलत थेट इस्माईलभाईंच्या गॅरेजात नेऊन उभी करायचे.

"माझे केस मी कापतो का?" हा त्यांचा मुद्दा.

"जोशी, केस आहेत कुठं तुम्हाला?" हा गड्डमचा.

इस्माईलभाईंचं पत्र्याचं गॅरेज सात रस्ता चौकाच्या अलीकडं होतं. माणूस अंगानं दणकट, गालात पान, आणि रुबाब असा की गाडी समोर आली की गाडीकडं नंतर, आधी मालकाकडं बघायचे. बघून झाल्यावर मान हलवायचे. बिघाड मालकातच आहे असं त्यांचं मत असावं.

एकदा बार्शीच्या भर बाजारात जोशींची गाडी बंद पडली. किका मारमारून जोशी घामाघूम. तिथला एक मिस्त्री आपणहून पुढं आला. "बघू का सायेब?"

"नको!" जोशी ताठ झाले. "आमचा फॅमिली मिस्त्री आहे सोलापुरात. त्यालाच दाखवणार."

त्यांनी तुरीची पोती घेऊन सोलापूरला निघालेला एक ट्रक गाठला. गाडी पोत्यांवर आडवी घातली आणि स्वतः वर चढून अख्खा रस्ता तिचं हँडल धरून बसले. वाटेतल्या एका गावात कुणीतरी हळहळून विचारलं म्हणे, "लई शीरियस हाय का वो?"

गॅरेजासमोर गाडी उतरवली. इस्माईलभाईंनी आधी जोशींकडं बघितलं, मान हलवली, मग एक किक मारली. गाडी चालू!

"काय झालं होतं?" जोशी.

"कुछ बी नहीं हुआ था."

"मग बार्शीत का चालू होईना?"

"साब, उसकू ट्रक में बैठने का था!"

आम्ही आठवडाभर जोशींना तोंड वर काढू दिलं नाही. पण हार मानतील ते जोशी कसले! म्हणाले, "हसा, खुशाल हसा. मी तरी दुसरं काय सांगतोय? गॅरेजच्या दारात आली आणि बरी झाली! तुमच्या घर पार्टीची एक तरी गाडी अशी नुसत्या दर्शनानं बरी झालेली दाखवा!"



*

गड्डम साखर पेठेतला. घरात चादरीचे माग, दिवसभर खटाखट चालू. दोन मागांच्या मधल्या जागेत तो रविवारी गाडी उघडायचा. त्याची एक पद्धत होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि जो भाग निघेल तो क्रमानं एकापुढं एक मांडत जायचं. शेवटी निघालेला आधी बसवायचा, पहिला निघालेला शेवटी. चुकायचा प्रश्नच नाही!

एका रविवारी अख्खं इंजिन असं वर्तमानपत्रावर मांडून तो रॉकेल आणायला गेला. तेवढ्यात घरी पाहुणे आले. साधेसुधे पाहुणे नव्हेत, गड्डमला मुलगी देऊ म्हणणारे पाहुणे! त्याच्या आईनं दारातून त्यांना येताना बघितलं आणि पटापटा घर आवरलं.

गड्डम परत आला तर वर्तमानपत्र गायब. मोठे बोल्ट एका डब्यात, छोटे दुसऱ्या डब्यात, नट एका वाटीत. आणि वॉशर? आईचा सगळा जन्म सूत निवडण्यात गेलेला. तिनं सगळे वॉशर लहानापासून मोठ्यापर्यंत दोऱ्यात ओवून खुंटीला टांगले होते!

"अम्मा, हे काय केलंस?"

"का रे? एक पण हरवला नाही. बघ की मोजून!"

मुलीच्या वडिलांनी डबे बघितले, वाटी बघितली, खुंटीवरची माळ बघितली आणि बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. इतकं टापटिपीचं घर त्यांनी साखर पेठेत दुसरं पाहिलं नव्हतं म्हणे. तिथल्या तिथं होकार!

लग्नाची तारीख आली, पण इंजिन काही वेळेत उभं राहिलं नाही. घर पार्टीचा नवरदेव मांडवात आला तो जोशींच्या मागं बसून, गॅरेज पार्टीच्या गाडीवर! जोशींनी त्या दिवशी हॉर्न वाजवायचा म्हणजे किती वाजवावा!

*

याच गड्डमचा आणखी एक किस्सा. तुळजापूर रस्त्यावर त्याची अॅक्सिलरेटरची वायर तुटली. दुसरा कुणी असता तर गाडी तिथंच लावून एस.टी. धरली असती. गड्डमच्या खिशात मागाची दोरी असायचीच. त्यानं दोरीचं एक टोक कार्बोरेटरला बांधलं, दुसरं उजव्या मुठीला गुंडाळलं आणि निघाला. दोरी ओढली की गाडी पळायची, सैल सोडली की मंद व्हायची.

वाटेत बैलगाडीवाले एक आजोबा भेटले. त्यांनी आपल्या हातातला कासरा बघितला, गड्डमच्या हातातली दोरी बघितली, आणि मागून हाक मारली, "पोरा, बैल कुटं पळालं रं तुझं?"

*

पुण्याहून आमच्या ब्रँचला नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाद कशाला? मी स्वतः हिरेमठांची गाडी नातेपुत्याला घेऊन जातो. बघू तरी घरची दुरुस्ती कशी असते."

अण्णांची छाती फुगली. त्यांनी साहेबांना कडुलिंबाखाली उभं केलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली.

"साहेब, किक मारायच्या आधी गाडी जरा डावीकडं कलवायची. मग पेट्रोल उतरतं. तिसऱ्या गिअरात जास्त वेळ ठेवू नका, तिथं ती चिडते. चढ आला की पुढं वाका, तिला बरं वाटतं. आणि एखाद्या गावात थांबायचं असलं की गाव दिसायला लागल्यापासूनच ब्रेक दाबायला घ्या!"

साहेबांनी रुमालानं घाम पुसला आणि निघाले. परत आले तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत धूळ. पण आले गाडीवरच! आम्ही सगळे जिन्यात जमलो.

"कशी आहे गाडी, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"हिरेमठ," साहेब खुर्चीत टेकत म्हणाले, "गाडी उत्तम आहे. फक्त ती गाडी नाही, तुमच्या घरातली थोरली आत्या आहे. सगळं तिच्या कलानं घ्यावं लागतं!"

अण्णा खूश. "बघा जोशी, पुण्याच्या माणसालासुद्धा जमली!"

*

हसणं आपल्या जागी, पण एका रविवारी मी अण्णांच्या घरी गेलो आणि वहिनींच्या अटीचं खरं कारण मला कळलं.

अंगणात पोत्यावर इंजिन उघडलेलं. अण्णा बनियनवर, कोपरापर्यंत काळे. शेजारी वहिनी, समोर पान्यांचा डबा. आणि अण्णांचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडं जात होता.

"दहाचा!"

वहिनींनी दहाचा पाना दिला.

"हा नाही, बाराचा! आन् मघाचा स्क्रू कुठं ठेवलास?"

"मी कुटं ठेवला? तुमीच..."

"तू हलवलास म्हणूनच सापडंना! सरक, उजेड अडवतेस!"

सापडला तेव्हा स्क्रू अण्णांच्याच मांडीखाली होता. अण्णांनी तो उचलला आणि घट्ट करायला लागले.

वहिनी चहा आणायला उठल्या. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, तर म्हणाल्या, "भावजी, तुमी सगळी म्हनता वहिनी भितात म्हनून बसत न्हाईत. मी काय भित न्हाय. पडले तर पडले. पर गाडी मिस्त्रीकडं असली तर हे मिस्त्रीला वरडतील की न्हाय? हितं इंजिनात काय बी होऊ द्या, चूक माझीच! आठवडाभर गावं हिंडून येत्यात, एक रविवार घरात असत्यात, आन् त्यो बी असा जातोय. मला लई वाईट वाटतंय वो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंगणातली खटखट मधेच थांबली होती. अण्णांनी ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी अण्णांनी ठरवलं, आज आवाज चढवायचा नाही. इंजिन उघडलं आणि अगदी खालच्या पट्टीत सुरू झाले. "अगं, जरा दहाचा पाना मिळेल का?" "राहू दे, राहू दे, सावकाश बघ." "स्क्रू सापडत नाही, पण माझाच हात लागला असेल."

थोड्याच वेळात शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. मग समोरचे मास्तर आले. मग आणखी कुणीकुणी. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"काय झालं वो हिरेमठांना?" काकूंनी वहिनींना हळूच विचारलं. "डॉक्टरला बोलवू का?"

*

नेमक्या याच सुमाराला मी इस्माईलभाईंकडं प्लग साफ करायला गेलो होतो. बघतो तर इस्माईलभाई सायकलवरून येतायत!

"काय इस्माईलभाई, फटफटी कुठं?"

"बिगड गई. दुरुस्तीकू डाली है."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दुरुस्तीला? कुणाकडं?"

त्यांनी रस्त्यापलीकडच्या गॅरेजाकडं हनुवटी केली. त्या गॅरेजवाल्याशी त्यांचं बोलणंसुद्धा नव्हतं!

"त्याच्याकडं? तुम्हीच म्हणता ना, त्याला पाना धरता येत नाही म्हणून?"

"नहीच आता उसकू!"

"मग?"

इस्माईलभाईंनी पान थुंकलं. अडाण्याला समजावतात तसं मला समजावलं. "देखो साब. अपनी गाडी अपनेच हाथ से खोली, और फिर बिगडी, तो गाली किसकू देना? घर में अम्मा है, बीवी है. उनकू देना क्या?"

ऑफिसात येऊन मी हे हसत हसत सगळ्यांना सांगितलं. जोशी टेबलावर हात आपटून हसले. साहेबसुद्धा हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. समोरचा चहा तसाच गार झाला आणि अण्णा खिडकीतून खाली कडुलिंबाकडं बघत बसले.

*

आता शेवटचा किस्सा.

अण्णांच्या मेव्हण्यांनी गावी नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं, सगळ्या ऑफिसला! ते घेऊन मेव्हणे स्वतः नवी पेठेत आले. जाताना कडुलिंबाखाली थांबले, अण्णांच्या गाडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अस्सं! ही व्हय ती! मला वाटलं, आमच्या बहिणीला बसाया मागची सीटच न्हाय का काय!"

अण्णा तिथून जे निघाले ते सरळ इस्माईलभाईंच्या गॅरेजात. मागोमाग आम्ही.

"इस्माईलभाई, गाडी तुमच्याकडं आणतो."

जोशींनी आनंदानं टोपीच काढली. घर पार्टी संपली!

"पण उघडणार मीच," अण्णा पुढं म्हणाले.

जोशींनी टोपी परत घातली.

"तुम्ही समोर बसून पाने द्यायचे. कुठं चुकलो तर सांगायचं. आणि मी ओरडलो तर ऐकून घ्यायचं."

इस्माईलभाईंनी अण्णांकडं नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. "और मैं उलटा बोला तो?"

"बोला की!"

"फिर चलेगा."

पुढचे काही दिवस संध्याकाळी सात रस्त्यावर नुसता गोंगाट. "दहाचा!" "ये लो!" "हा बाराचा आहे!" "बाराच लगता उसकू, मेरेकू सिखाते क्या!" "स्क्रू कुठाय?" "तुम्हारे पाँव के नीचे देखो ना साब!" जोशी रोज खुर्ची टाकून बसायचे. गड्डम शेंगा घेऊन यायचा. इस्माईलभाईंचा चेहरा असा खुलला होता की अशी गाडी त्यांच्याकडं यापूर्वी कधी आलीच नव्हती जणू!

एका संध्याकाळी वहिनी आल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. आत दोन माणसं एका इंजिनावर वाकून एकमेकांना वाट्टेल ते बोलत होती. अण्णांना त्या आल्याचा पत्ताच नव्हता. वहिनींनी बराच वेळ बघितलं, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग पुढं येऊन अण्णांना एवढंच विचारलं, "किती वाजता निघायचं वास्तुशांतीला?"

त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा लाजताना बघितलं.

वास्तुशांतीला आम्ही सकाळीच निघालो. पुढं अण्णांची गाडी. मागं वहिनी इरकली लुगडं नेसून एका अंगानं बसलेल्या. एक हात अण्णांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं आहेराची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. त्यांच्या मागं मी आणि गड्डम माझ्या गाडीवर, शेवटी जोशी. गाडी अशी सुरेख चालली होती! सोलापूर मागं पडलं, अक्कलकोट आलं, गेलं. अण्णा मधूनच मान वळवून काहीतरी बोलायचे, वहिनी मान हलवायच्या. वहिनींना आम्ही इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. आम्हा तिघांनाच इतका आनंद झाला होता, मग अण्णांचं काय सांगावं!

अक्कलकोटच्या पुढं डांबर संपलं. काळ्या मातीचा चाकोरीचा रस्ता. लांबून वेस दिसली, वेशीतूनच नव्या घराचा मांडव दिसला. मांडवाच्या दारात फेटेवाली मंडळी उभी होती, आणि मधोमध मेव्हणे.

आणि गाडी बंद पडली.

मोठा आवाज नाही, काही नाही. नुसती फुसकन थांबली. अण्णांनी बसल्या बसल्या किक मारली. पुन्हा मारली. पुन्हा. मांडवातली मंडळी आता आमच्याकडंच बघत होती.

वहिनी उतरायला लागल्या.

"उतरू नको," अण्णा म्हणाले. ओरडून नाही, अगदी हळू. "बसून रहा."

अण्णा खाली उतरले, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि वहिनींना तसंच बसवून गाडी ढकलायला लागले.

आम्ही गाड्या टाकून मदतीला धावलो. अण्णांनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही जागच्या जागी थांबलो. तेवढ्यातही जोशी कुजबुजले, "ही घरची दुरुस्ती धरायची की गॅरेजची?" गड्डम म्हणाला, "गॅरेजची! पत्र्याखाली झाली ना!" जोशी म्हणाले, "हात कुणाचे होते?" मी दोघांनाही गप्प बसवलं.

चाकोरी खोल, माती भुसभुशीत. अण्णांचा नवा सदरा पाठीला चिकटला. चपला मातीत रुतत होत्या, एक तर मागंच राहिली. ती गड्डमनं उचलली. आणि वहिनी? वहिनी डोक्यावर पदर घेऊन, पाटावर बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. इकडं नाही, तिकडं नाही, नजर सरळ समोर.

वेस आली. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. पोरं मागं मागं धावायला लागली. अण्णांनी गाडी थेट मांडवाच्या दारात, मेव्हण्यांच्या पुढ्यात नेऊन उभी केली.

"बर्री, बर्री! या, या!" मेव्हण्यांनी पाय धुवायला तांब्या पुढं केला. मग गाडीकडं बघितलं. मग घामानं निथळणाऱ्या, एका पायात चप्पल नसलेल्या अण्णांकडं बघितलं. मग चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "का वो दाजी? बंद पडली व्हय गाडी?"

अण्णांना इतका दम लागला होता की तोंडातून शब्द फुटेना.

वहिनी खाली उतरल्या. लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. आणि भावाकडं बघून म्हणाल्या,

"बंद कशाला पडंल, दादा? मीच म्हनले त्यास्नी, गाव आलंय, आता जरा हळू चालवा!"